परीक्षा-भरतीच्या ताणात अमिनो आम्लं: गोळीतलं टायरोसिन आणि ताटातली भाकरी-मसूर

आहार_टिळकवाडी

नीट-सीईटीचे दिवस जवळ आले किंवा अग्निवीर भरतीची तारीख लागली की बेळगावात एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. टायरोसिनची गोळी घेतली तर ताणात डोकं चालतं म्हणे, खरं का? खरं आहे, पण ज्या रीतीने इथली मुलं ती घेतात त्या रीतीने बहुतेकांना काही उपयोग होत नाही. दोन्ही गोष्टींमागचं कारण एकच आहे. ते एका जागी लिहिलेलं असावं म्हणून हा धागा.

डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही मेंदूतली दोन रसायनं टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतात (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक). टायरोसिनचं एल-डोपा (डोपामिनच्या आधीची पायरी) करणारं एन्झाइम म्हणजे टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. सगळ्या साखळीत हीच पायरी सर्वांत सावकाश. एरवी या एन्झाइमला टायरोसिन जवळजवळ पोटभर मिळत असतं, त्यामुळे वरून आणखी दिलं तरी उत्पादन फारसं वाढत नाही. ताणात मात्र ही रसायनं वापरणाऱ्या मेंदूतल्या पेशी भराभर संदेश सोडतात, साठा उतरत जातो, एन्झाइम जोरात चालायला लागतं आणि तेव्हा कच्चा माल अपुरा पडू शकतो. म्हणून निवांत बसलेल्या माणसाला टायरोसिन देऊन काही दिसत नाही. कडाक्याची थंडी, विरळ हवा, जागरण, एकाच वेळी तीन-चार कामं, अशा प्रसंगी दिसतं.

प्रयोगही तसेच आहेत. अमेरिकी सैन्याच्या नॅटिक इथल्या प्रयोगशाळेने जवानांना काही तास थंडीत आणि उंचावरच्या विरळ हवेत ठेवून किलोमागे १०० मि.ग्रॅ. टायरोसिन दिलं (निष्कर्ष १९८९ मध्ये आले). थंडी-उंचीच्या त्रासाची लक्षणं कमी झाली, कामगिरी टिकली. १९९५ च्या एका प्रयोगात रात्रभर जागलेल्यांना किलोमागे १५० मि.ग्रॅ. दिल्यावर कामगिरीची घसरण सुमारे तीन तास लांबली. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या २१ कॅडेट्सवर लढाऊ प्रशिक्षणाच्या आठवड्यात चाचणी झाली. एका गटाला दिवसाला २ ग्रॅम टायरोसिन असलेलं प्रथिनयुक्त पेय, दुसऱ्याला कर्बोदकांचं पेय. पहिल्या गटाची स्मरणशक्ती आणि हलत्या लक्ष्याचा माग ठेवण्याची कामगिरी सरस निघाली. मनःस्थितीत मात्र फरक नव्हता, हे लक्षात ठेवा. टायरोसिन धीर देत नाही, भीती घालवत नाही.

आता हिशोब करा. ६० किलोच्या मुलाला १०० ते १५० मि.ग्रॅ. दराने ६ ते ९ ग्रॅम लागतात. बाजारातली कॅप्सूल बहुधा ५०० मि.ग्रॅ.ची, म्हणजे १२ ते १८ कॅप्सूल एका वेळी. मुलं घेतात एक! दुधाच्या मोठ्या पेल्यातच (२५० मिलि.) साधारण ४०० मि.ग्रॅ. टायरोसिन असतं.

अथणी_एक्सप्रेस

म्हणजे ती एक गोळी अन् एक पेला दूध सारखंच की! 😄 बरं सर, इकडं भरतीची पोरं बीसीएए आणि टायरोसिन एकाच शेकरमध्ये घालून प्यायलेत. पळताना दमत नाही आणि लेखी परीक्षेला डोकं ताजं राहतंय असं सांगायलेत. चालतंय का ते?

जीवरसायन

चालत नाही, आणि हे नीट समजलं की या विषयातलं अर्धं समजलं.

रक्तातून मेंदूत शिरायला या अमिनो आम्लांना एक ठराविक वाहक प्रथिन लागतं, त्याला एलएटी-१ म्हणतात. टायरोसिन, फेनिलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, मेथिओनिन ही सगळी त्याच एका वाहकाने जातात आणि वाहक एरवीही भरलेलाच असतो. खानापूरच्या वडापसारखी गत. जागा तेवढ्याच, एक जण चढला की दुसरा खाली राहतो. त्यामुळे रक्तात टायरोसिन किती आहे यापेक्षा बाकीच्यांच्या तुलनेत किती आहे हा आकडा महत्त्वाचा.

बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, म्हणजे नेमके स्पर्धक. पाच-सात ग्रॅम बीसीएए घेतलं की टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन दोघांचाही मेंदूतला प्रवेश घटतो. बीसीएए घेण्यामागची मूळ कल्पना अशी होती की व्यायामात ट्रिप्टोफॅन मेंदूत जास्त जातं, त्यापासून बनणारं सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढतं आणि थकवा जाणवतो, म्हणून त्याला अडवायचं. कल्पना सुबक आहे, पण प्रत्यक्ष चाचण्यांत फळ फारसं दिसलं नाही. भरतीच्या १.६ किलोमीटर धावेत तर तो थकवा येण्याआधी धाव संपते.

उन्हात टायरोसिनने दम टिकतो का, हेही तपासलं गेलं. २०११ मध्ये एका छोट्या चाचणीत ३० अंशांच्या उष्णतेत सायकल चालवण्याचा वेळ वाढलेला दिसला. पुढच्या चाचण्यांत तो फायदा पुन्हा दिसला नाही. एप्रिल-मेमध्ये मैदानावर उभं राहायचं तर पाणी आणि मीठ यांचं बघा.

शहापूर_पेठ

पोहे-उप्पीट खाऊन पेपरला बसलं की झोप येते, कारण कर्बोदकांनी सेरोटोनिन वाढतं, असं एका व्हिडिओत बघितलं. सकाळी पोहे बंद करायचे का मग? आमच्याकडे दुसरं काही लवकर होत नाही.

जीवरसायन

व्हिडिओतली साखळी चूक नाही, पण ती पोह्यांना लागू होत नाही.

साखळी अशी. नुसती कर्बोदकं खाल्ली की इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन ल्युसिनसारखी अमिनो आम्लं स्नायूंत ढकलतं. ट्रिप्टोफॅन मात्र रक्तात बरंचसं अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं, त्यामुळे ते तितकं उतरत नाही. स्पर्धक घटले, ट्रिप्टोफॅनचं प्रमाण वधारलं, मेंदूत जास्त शिरलं. आणि ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन करणारं एन्झाइम एरवी अर्धपोटीच असतं, म्हणून माल वाढला की उत्पादनही वाढतं. उंदरांवर हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं गेलं आहे.

पण जेवणातल्या एकूण उष्मांकांपैकी चार-पाच टक्के जरी प्रथिनांतून आले तरी हा परिणाम जवळजवळ पुसला जातो, कारण प्रथिनांबरोबर स्पर्धकांचा लोंढाच येतो. कुठल्याही प्रथिनात ट्रिप्टोफॅन जेमतेम एक-दीड टक्का आणि स्पर्धक मिळून त्याच्या कितीतरी पट. पोह्यांतल्या उष्मांकांपैकी साधारण सात-आठ टक्के प्रथिनांचे, वर शेंगदाणे. म्हणजे मर्यादा आधीच ओलांडली. नुसती साबुदाण्याची खीर किंवा सरबत-ग्लुकोजवर राहिलेला मुलगा असेल तर गोष्ट वेगळी.

पोह्यांनंतर झोप येते ती ताटभर खाल्ल्यामुळे, रात्रीच्या जागरणामुळे, आणि पुढे दोन तासांनी साखर उतरल्यामुळे. उपाय पोहे बंद करणं नव्हे. पोहे निम्मे करा आणि सोबत दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ किंवा दही घ्या.

आहार_टिळकवाडी

शहापूर_पेठ ताई, कांदेपोहे एक प्लेट (कच्चे ७० ग्रॅम) म्हणजे प्रथिनं पाच ग्रॅमच्या आत. दोन अंड्यांनी बारा वाढतात. अंडी चालत नसतील तर मूठभर शेंगा (३० ग्रॅम, ७-८ ग्रॅम प्रथिनं) आणि वाटीभर दही. चुरमुरे खाणाऱ्यांनाही हेच लागू.

आता मुख्य मुद्दा. बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी या पट्ट्यात ताट ज्वारीच्या भाकरीचं, खानापूर-जांबोटीकडे भात आणि नाचणी. कॉलेजच्या खोलीवर राहणाऱ्या मुलांचं ताट तर निव्वळ धान्याचं असतं: भाकरी किंवा भात, पातळ आमटी, लोणचं. या ताटात टायरोसिन कमी पडत नाही. कमी पडतं लायसिन, हे दुसरं अमिनो आम्ल.

६० किलोच्या माणसाची लायसिनची गरज दिवसाला साधारण १८०० मि.ग्रॅ. (किलोमागे ३०). चार भाकऱ्या म्हणजे २४० ग्रॅम पीठ, २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि त्यात लायसिन जेमतेम ५०० मि.ग्रॅ. धान्यात हे मुळातच थोडं. ८० ग्रॅम अख्खा मसूर (कच्चा) घाला: १९ ग्रॅम प्रथिनं, लायसिन १३०० मि.ग्रॅ. गरज भागली. वर ४०० मिलि. दूध-दही-ताक मिळून आणखी हजार.

लायसिनचा ताणाशी संबंध काय? वायव्य सीरियात, जिथे लोक मुख्यतः गव्हावर जगतात, तीन महिने पिठात लायसिन मिसळून दिलं गेलं, किलोभर पिठात ४.२ ग्रॅम. २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पुरुषांत चिंतेचं मोजमाप घटलं आणि स्त्रियांत रक्त काढतेवेळी वाढणारं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) कमी वाढलं. संशोधकांत अमिनो आम्लं बनवणाऱ्या कंपनीचे लोक होते, त्यामुळे चिमूटभर मीठ लावूनच वाचावं. पण धान्यावरच भागवणाऱ्या माणसात लायसिनची कमतरता ताण सोसण्यावर परिणाम करते ही दिशा पटण्यासारखी आहे, आणि उपाय तर आपल्या घरातच शिजतो.

घटप्रभा_काठ

ज्वारी आणि पेलाग्रा यांचं काहीतरी होतं ना? आजोबांच्या पिढीत ऐकलेलं.

जीवरसायन

होतं, आणि या धाग्याच्या अगदी मध्यावर बसणारं आहे.

पेलाग्रा म्हणजे नायसिनची (ब-३ जीवनसत्त्वाची) कमतरता: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, आणि मानसिक लक्षणं. चिडचिड, उदासी, निद्रानाश, पुढे स्मृतिभ्रंश. हा रोग मक्यावर जगणाऱ्यांचा मानला जाई, कारण मक्यात ट्रिप्टोफॅन कमी आणि शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवतं (साधारण ६० मि.ग्रॅ. ट्रिप्टोफॅनमागे १ मि.ग्रॅ. नायसिन). पण दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसे, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नाही. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की दोष ज्वारीतल्या जादा ल्युसिनचा असावा, ते ट्रिप्टोफॅनच्या चयापचयात अडथळा आणतं. पुढे यावर बराच वाद झाला. सगळ्यांना ते निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत, ब-६ जीवनसत्त्वाची कमतरता जोडीला असावी असंही मांडलं गेलं. पण एकाच अमिनो आम्लाचा डोंगर दुसऱ्याची वाट अडवतो हा विचार तेव्हापासून आपल्याच धान्याच्या निमित्ताने चर्चेत आहे.

आज भाकरीबरोबर डाळ, शेंगा, दूध थोडं तरी असतं, त्यामुळे पेलाग्रा क्वचित. दारूचं व्यसन असलेले आणि क्षयरोगाचं आयसोनियाझिड घेणारे मात्र सावध. ते औषध ब-६ अडवतं, म्हणूनच त्याबरोबर ब-६ ची गोळी देतात. ती टाळू नये.

ताणाचा आणखी एक धागा इथे जुळतो. कॉर्टिसॉल वाढलं की यकृतातलं एक एन्झाइम ट्रिप्टोफॅनला जास्त प्रमाणात याच नायसिनच्या वाटेकडे वळवतं. सेरोटोनिनसाठी उरतं कमी. दीर्घ ताणात जेवण टाळणाऱ्या मुलांची झोप आणि मूड दोन्ही बिघडतात त्यामागचं हे एक कारण.

शहापूर_पेठ

आता माझा प्रांत आला 🙂 मसूर कसा करावा ते लिहिते, खोलीवरच्या मुलांना जमेल असं.

अख्खा मसूर एका माणसाला ४० ग्रॅम एका वेळी (लहान वाटीला थोडा कमी). सहा-आठ तास भिजत. भिजलेलं पाणी टाका. कुकरला तीन शिट्ट्या, मसूर बुडून वर बोटभर पाणी. खायचा सोडा घालू नका. मसूर मऊ होतो पण ब-१ जीवनसत्त्व जातं, आणि चवही साबणासारखी. मग कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ भाजून वाटण. तीळ टाळू नका, कडधान्यात जे कमी असतं ते मेथिओनिन तिळात असतं. शेवटी लिंबू. लिंबाने मसुरातलं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभराने, लगेच नको.

हुलगा, अळसंदे, पावटे, मटकी काहीही चालतं. हुलग्याला मात्र भिजायला बारा तास आणि शिट्ट्या सहा-सात. नुसता कट पिऊन हुलगे टाकून देतात काही ठिकाणी. प्रथिनं हुलग्यात राहतात, कटात चव!

आंबील: ज्वारीचं पीठ ४ मोठे चमचे (सुमारे ४० ग्रॅम) अर्ध्या वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळवून त्यात हे सोडा, सतत ढवळत आठ-दहा मिनिटं. पूर्ण थंड झाल्यावर घट्ट ताक दोन वाट्या, मीठ, जिरं. गरम असताना ताक घातलं की फाटतं, हीच चूक सगळे करतात.

आहार_टिळकवाडी

आंबिलीबद्दल एक भर. ज्वारीतलं काफिरिन नावाचं प्रथिन पाण्यात शिजवलं की पचायला जड होतं, इतर धान्यांत असं सहसा होत नाही. आंबवल्याने ते नुकसान बऱ्यापैकी भरून निघतं. त्यामुळे आंबील हे उन्हाळ्याचं पेय आहेच, शिवाय ज्वारीचं प्रथिन अंगी लावण्याची चांगली रीत.

लोहाबद्दल ताईंनी लिहिलं ते या विषयात दुय्यम नाही. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज आणि ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज, दोन्ही एन्झाइमांना लोह लागतं. हिमोग्लोबिन ९ असलेल्या मुलीला टायरोसिन देणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी पैसे घालणं. आधी रक्त तपासा.

आणि कुंदा-करदंट या आपल्याकडच्या मिठायांचा उल्लेख होणारच म्हणून आधीच लिहितो. करदंटात काजू-बदाम-डिंक आहे, एखादी वडी चालेल. कुंद्याचा तो सुरेख तपकिरी रंग येतो तोच मुळी दुधाच्या प्रथिनातलं लायसिन आणि साखर तापून एकमेकांत गुंतल्याने. जितका खरपूस, तितकं लायसिन कमी. चवीसाठी खा, परीक्षेचं खाणं म्हणून नको.

औषधी_निपाणी

गोळ्या-पावडरींच्या बाजूने काही गोष्टी, कारण दुकानात याच चुका दिसतात.

टायरोसिन पाण्यात विरघळत नाही. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्यामुळे दोन ग्रॅम पावडर पेल्यात ढवळली की खाली बसते, मुलं वरचं पाणी पितात आणि औषध तळाशी राहतं. घ्यायचंच असेल तर कुस्करलेल्या केळ्यात कालवून घ्या. जेवणाबरोबर किंवा व्हे प्रोटीनबरोबर घेऊ नका, वर सांगितलेले स्पर्धक सगळे हजर असतात. रिकाम्या पोटी, कामाच्या साधारण एक तास आधी. रक्तातली पातळी एक ते दोन तासांत वर जाते.

'एन-असिटाइल टायरोसिन' नावाने महाग प्रकार मिळतो. तो विरघळतो छान, पण शरीरात त्याचं टायरोसिन फार थोडं होतं, बराचसा लघवीवाटे जातो.

दुष्परिणाम: मळमळ, डोकेदुखी, छातीत जळजळ. कॉफीबरोबर हातांची थरथर. म्हणून परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा काहीही घेऊ नये, सरावाच्या पेपरला पोट काय म्हणतं ते बघावं.

कोणी घेऊच नये: टायरोसिनेमिया (शरीराला टायरोसिन मोडता न येणारा जन्मजात आजार) असलेले, थायरॉईड जास्त असलेले, सेलेजिलिनसारखी एमएओ हे एन्झाइम अडवणारी औषधं किंवा लिनेझोलिड चालू असलेले. पार्किन्सन्ससाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी तर नाहीच, कारण लेव्होडोपाही त्याच वाहकाने मेंदूत जातं. अशा रुग्णांना लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास देतात ते याचसाठी.

ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी हे एस्सिटालोप्राम, सरट्रालिन, ट्रामाडॉल यांच्या जोडीला घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका: घाम, थरथर, ताप, स्नायू ताठरणं. मागे १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांतल्या अशुद्ध घटकांमुळे १५०० हून जास्त लोक आजारी पडले, काही दगावले. त्या मालाचा माग एकाच उत्पादकापर्यंत गेला. आम्ल नैसर्गिक असलं तरी बनवण्याची रीत तितकीच महत्त्वाची.

प्रोटीन पावडरीच्या डब्यावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक बघा, आणि अमिनो आम्लांचा तक्ता. प्रथिन मोजतात ते नायट्रोजनवरून, नायट्रोजन गुणिले ६.२५. त्यामुळे स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन घालून आकडा फुगवता येतो. व्हेमध्ये ग्लायसिन मुळात दीड-दोन टक्केच असतं. २४ ग्रॅम प्रथिन लिहिलंय आणि ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास नाही, तर डबा परत ठेवा.

अथणी_एक्सप्रेस

आमच्याकडं ह्ये टॉरिन घातलेली डबडी लई खपायलीत. आता तक्ता बघूनच.

खानापूर_रान

कौंच बी, म्हणजे खाजकुयलीचं बी, भुकटी करून दुधातून घेतात. त्यात डोपामिन असतं म्हणून अभ्यासाला चांगलं असं सांगतात. जांबोटीकडच्या जंगलात रग्गड आहे. यावर कोणी लिहावं.

जीवरसायन

डोपामिन नव्हे, एल-डोपा. बियांत साधारण तीन ते सहा टक्के. फरक मोठा आहे: टायरोसिन दिलं तर पुढची गती शरीर स्वतः ठरवतं, कारण वाटेत ते सावकाश एन्झाइम पहारा देतं. एल-डोपा त्या पहाऱ्याच्या पुढचं आहे. पाच ग्रॅम कच्च्या भुकटीत १५० ते ३०० मि.ग्रॅ. एल-डोपा, हा औषधाचा डोस झाला. मळमळ, उलटी, उभं राहताना चक्कर, अस्वस्थता, काहींना भ्रम. अभ्यास करणाऱ्या निरोगी मुलाला याची गरज नाही. वैद्यांकडे शोधन करून, मोजून देण्याची रीत आहे, ती त्यांच्यावर सोडा.

माळमारुती_५९०

वडिलांचं वय ६८, बँकेच्या केवायसीच्या कामातसुद्धा गोंधळतात. त्यांना टायरोसिन दिलं तर?

जीवरसायन

देऊ नका. २०१७ मध्ये साठी ओलांडलेल्यांवर किलोमागे १००, १५० आणि २०० मि.ग्रॅ. असे तीन डोस तपासले गेले. डोस वाढला तशी कार्यस्मृती (माहिती क्षणभर डोक्यात धरून वापरण्याची क्षमता) बिघडत गेली. तरुणाला जो डोस लागू पडतो तोच वयस्कर माणसाच्या रक्तात जास्त चढतो. गोंधळ नवा असेल तर ब-१२, थायरॉईड, साखर, सोडियम तपासून घ्या. शाकाहारी असतील तर ब-१२ सर्वांत आधी.

शहापूर_पेठ

आणि झोपेसाठी दूध? ट्रिप्टोफॅन असतं म्हणतात.

आहार_टिळकवाडी

पेल्यात १०० मि.ग्रॅ.च्या आसपास, स्पर्धकांसकट. त्याने झोप लागते असं म्हणता येत नाही, सवयीने लागते, तीही चांगलीच. ट्रिप्टोफॅनने काही साधायचं तर अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन हे दुधातलं एक वेगळं काढलेलं प्रथिन लागतं. डच प्रयोगांत त्याने रक्तातलं ट्रिप्टोफॅनचं प्रमाण केसिनच्या (दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या) तुलनेत जवळपास निम्म्याने वाढलं, आणि फायदा दिसला तो मुळात ताणाला हळव्या असलेल्या लोकांत. साधी व्हे पावडर म्हणजे ते नव्हे.

चहातलं थिअॅनिन राहिलं. ते कॅफिनसोबत लक्ष टिकवायला बरं, प्रयोगातला डोस ९७ मि.ग्रॅ. थिअॅनिन आणि ४० मि.ग्रॅ. कॅफिन. एका कप काळ्या चहात थिअॅनिन २० मि.ग्रॅ.च्या आसपास. आपल्या अर्ध्या कटिंगमध्ये काय असणार! कॅफिनचा उपयोग होतोच, तो घ्या.

घटप्रभा_काठ

नीट दुपारी दोनला असते, दीडनंतर आत घेत नाहीत. गोकाकहून बेळगावच्या केंद्रावर यायचं तर सकाळी लवकर निघावं लागतं. खाण्याचं वेळापत्रक कसं ठेवावं?

आहार_टिळकवाडी

सात वाजता नाश्ता: दोन अंडी किंवा वाटीभर उसळ, एक भाकरी किंवा निम्मे पोहे, चहा. साडेदहा-अकराला जेवण, एरवीपेक्षा पाऊणपट: दोन भाकऱ्या किंवा दीड वाटी भात, मसूर, दही. तळकट नको, भजी नको, नवं काही नको. केंद्राबाहेरच्या हॉटेलात पोट भरायला जाऊ नये, डबा घरचा आणावा, उन्हात दही आंबतं म्हणून त्याऐवजी शेंगाचटणी. साडेबाराला एक केळं, पाणी थोडं थोडं. दीड कप कॉफीची सवय असेल तर ती एकच्या सुमारास, सवय नसेल तर नको.

आदल्या रात्रीचं जेवण आठच्या आत आणि झोप साडेसात तास. टायरोसिनने रात्रीच्या जागरणाची भरपाई तीन तासांपुरती होते, पेपर तीन तासांचाच आहे हे खरं, पण त्याआधी बसमध्ये आणि रांगेत घालवलेला वेळही त्यातच मोजावा लागतो.

अथणी_एक्सप्रेस

अथणीकडनं येणाऱ्यांनी मग आदल्या दिवशीच बेळगावात यावं म्हणायचं. डब्याला कडक भाकरी चालेल का? दोन दिवस टिकती.

शहापूर_पेठ

कडक भाकरी चालेल, पण शेंगाचटणी तेलात घट्ट कालवून वेगळ्या डबीत द्या, नाहीतर भाकरी नरम पडते. दाणे भाजताना मंद आचेवर, सालं सुटेपर्यंतच. काळे केले तर कडू होतात आणि वर कुंद्याबद्दल सांगितलं तेच दाण्यांचंही.